धंद्याचा नकाशा कागदावर काढा, आणि दर तिमाहीला नव्याने काढा

कोणत्याही कारखानदार भावाला त्याच्या धंद्याची हकीकत विचारा. उत्तर दोन वाक्यांत संपते. "चोवीस माग आहेत, ग्रे चालतो. सध्या बाजार मंदा आहे." पुढे विचारावे की सुतात घातलेला रुपया किती दिवसांनी घरी परत येतो, पिकामागे एक पैसा मजुरी घटली तर हातात काय उरते, अर्धे काम एकाच सेठकडून येते की चौघांकडून, तर तो हसून म्हणतो, "सब अंदाज है, भाई."

हा अंदाज फालतू नसतो. तीस-चाळीस वर्षांच्या अनुभवाचा तो अर्क असतो. पण त्यात दोन दोष आहेत. एक, तो एकाच माणसाच्या डोक्यात असतो. दुसरा, तो ज्या बाजारावरून बांधला तो बाजार आज उरलेला नाही. मागील दहा वर्षांत भिवंडीसारख्या ठिकाणी चालते यंत्रमाग भंगाराच्या भावाने, किलोवर तोलून विकले गेले. विकणारे आळशी नव्हते. त्यांतल्या पुष्कळांना बदल कोणत्या दाराने घरात शिरला हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

मोठ्या कंपन्यांनी या अडचणीवर एक तोड काढली आहे. तिला ते एंटरप्राइझ मॉडेलिंग म्हणतात. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात तसा चालत्या धंद्याचा नकाशा काढायचा, आणि बाहेरची हवा बदलली की कोणती भिंत हलते ते आधी कागदावर पाहायचे. ही गोष्ट आमच्या मागवाल्यांना, शिलाई कारखानेवाल्यांना आणि दुकानदारांना कशी वापरता येईल, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

सहा प्रश्न

१९८७ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे जॉन झॅकमन यांनी कंपनीच्याच नियतकालिकात एक लेख लिहिला. इमारतीसाठी नकाशे लागतात, विमानासाठी लागतात, मग कंपनीच्या कारभारासाठी का नसावेत, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या पहिल्या आराखड्यात तीन प्रश्न होते. १९९२ साली जॉन सोवा यांच्यासोबत त्यांनी तो वाढवला आणि प्रश्न सहा झाले: काय, कसे, कोठे, कोण, केव्हा आणि का. मूळ विषय संगणकाच्या कारभाराचा होता, पण हे सहा प्रश्न कोणत्याही धंद्याला लागू पडतात.

चोवीस मागांच्या एका कारखान्याचा नकाशा काढून पाहू. एका मोठ्या कागदावर सहा रकाने आखा.

काय: कोणते सूत, कोणती क्वालिटी, किती पिकाचा कपडा, रोज किती मीटर.

कसे: सूत येते, सायझिंगला जाते, बीम येतो, मागावर चढतो, कांड्या भरल्या जातात, कपडा उतरतो, घडी होते, तागे व्यापाऱ्याकडे जातात, बिल बनते, पैसा येतो. प्रत्येक पायरीला किती दिवस लागतात तेही लिहा.

कोठे: सूत कोणत्या बाजाराचे, सायझिंग कोणत्या भागात, माल कोणत्या पेठेत जातो, कारखान्याची जागा आपली की भाड्याची.

कोण: सूतवाला, दलाल, माग चालवणारे कारागीर, कांडीवाला, जॉबर, घेणारा सेठ, हिशेब पाहणारा मुनीम. ज्याच्या एका 'नाही'ने कारखाना बंद पडेल त्याच्या नावाखाली रेघ ओढा.

केव्हा: हंगाम कोणता, उधारी किती दिवसांची, वीजबिल कोणत्या तारखेला, मजुरांचा हप्ता कोणत्या वारी.

का: हा धंदा आपण कशासाठी करतो? चोवीस मागांचे अठ्ठेचाळीस करायचे आहेत, की आहे ते टिकवून मुलांना शिकवायचे आहे, की जागेची किंमत वाढेपर्यंत कारखाना चालता ठेवायचा आहे? हा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात. खरे तर बाकीच्या पाच रकान्यांचे निर्णय यावरच अवलंबून असतात.

एवढे लिहिले की निम्मा नकाशा झाला. उरलेला निम्मा आकड्यांचा आहे.

रुपयाचा फेरा

आता हिशोब करू. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, प्रत्येकाने आपापले घालावेत.

समजा एक माग रोज ६० मीटर कपडा देतो. चोवीस मागांचे १,४४० मीटर झाले. मीटरमागे १८ रुपयांचे सूत लागते, म्हणजे रोज २५,९२० रुपयांचे सूत खपते. आता दिवस मोजा. सायझिंग आणि बीमची वाट पाहणे ७ दिवस, मागावर २० दिवस, घडी आणि गोदामात ८ दिवस, सेठची उधारी ६० दिवस. एकूण ९५. सूतवाला आपल्याला १० दिवसांची सवलत देतो, ते वजा केले तर ८५ दिवस. म्हणजे नुसत्या सुतात २२ लाख ३ हजार रुपये कायम अडकून असतात. मजुरी आणि वीज वेगळी.

आता बाजारात मंदी आली आणि सेठने ६० दिवसांची मुदत ९० केली. कपड्याचा भाव तोच, सुताचा भाव तोच, मागही तेवढेच. पण फेरा ११५ दिवसांचा झाला आणि अडकलेली रक्कम २९ लाख ८१ हजारांच्या घरात गेली. जवळजवळ पावणेआठ लाख रुपये जास्तीचे लागले. ते कोठून आणायचे? येथेच भाऊ व्याजी पैसा उचलतो, किंवा घरातले सोने गहाण ठेवतो, आणि म्हणतो की भाव मिळत नाही म्हणून तोटा झाला. भावात काहीच बदलले नव्हते. बदल 'केव्हा'च्या रकान्यात झाला होता.

म्हणून मुदत वाढवून मागणाऱ्या सेठला उत्तर देताना हा आकडा समोर असावा. तीस दिवस जास्त द्यायचे असतील तर भावात किती वाढ घ्यावी, आणि रोखीने पैसे देणाऱ्याला वटाव किती सोडणे परवडते, हे त्यावरूनच ठरते.

एका पैशाची किंमत

आमचे बरेच भाऊ स्वतःचे सूत घालत नाहीत. सेठचा बीम घेतात, मजुरीवर कपडा विणून देतात. त्यांचा नकाशा वेगळा. त्यांचे भांडवल सुतात अडकत नाही, पण सगळा जीव पिकाच्या दरात असतो.

समजा ५२ पिकाचा कपडा आहे आणि मीटरला दर पिकामागे ९ पैसे मिळतात. म्हणजे मीटरला ४ रुपये ६८ पैसे. खर्च असा धरा: कारागीर, कांडी वगैरे मजुरी २ रुपये ६० पैसे, वीज १ रुपया, भाडे आणि दुरुस्ती ६० पैसे. एकूण ४ रुपये २० पैसे. हातात ४८ पैसे उरले. १,४४० मीटरला रोज ६९१ रुपये.

आता दर ९ वरून ८ पैसे झाला. बोलताना "एकच पैसा उतरला" असे म्हणतात. पण ५२ पिकांना ५२ पैसे गेले. हातात होते ४८. म्हणजे आता मीटरमागे ४ पैसे तोटा, रोजचे ५८ रुपये घरातून जाऊ लागले. एका पैशाने रोजचा ६९१ चा नफा संपूर्ण गिळला.

मग माग लगेच बंद करावा काय? नकाशा येथे दुसरी गोष्ट सांगतो. भाडे आणि दुरुस्तीचे ६० पैसे बहुतांशी माग बंद ठेवला तरी लागतातच. मजुरी आणि वीज मिळून ३ रुपये ६० पैसे मात्र माग चालला तरच लागतात. म्हणजे पिकामागे साधारण ८ पैसे १ दशांश ही नफा-तोट्याची रेघ झाली, आणि ६ पैसे ९ दशांश ही माग थांबवण्याची रेघ झाली. या दोन रेघांच्या मध्ये दर असेल तर थोडे दिवस सोसून चालवणे शहाणपणाचे. खालच्या रेघेच्याही खाली गेला तर प्रत्येक मीटर आपल्या खिशातून विणला जातो. या दोन रेघा भिंतीवर लिहून ठेवा. मग "चालू ठेवू की बंद करू" हा वाद रागात किंवा शरमेत होणार नाही.

बदल एका दारानेच येतो

जुनी हकीकत या नकाशावर ठेवून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. बदल साऱ्या धंद्यावर एकदम कोसळत नाही. तो आधी एका रकान्यात शिरतो आणि तेथून बाकीच्यांत पसरतो.

१८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडीकडे आले. त्यांच्यासाठी 'कोठे' बदलले होते. हुनर तेच, सूत तेच, वस्ती नवी. पुढे वीज आली, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. तेथे 'कसे' बदलले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्यांचे माग थांबले, पण कपड्याची मागणी थांबली नाही. ते काम भिवंडीसारख्या गावांच्या यंत्रमागांकडे वळले. गिरणीवाल्यांनीही पुढे बाहेरून ग्रे विणून घेऊन त्यावर आपला छाप मारण्याचा मार्ग धरला. आमच्यासाठी 'कोण' बदलले होते: कालपर्यंत जी गिरणी आपली स्पर्धक होती, ती गिऱ्हाईक झाली. ज्यांनी हे ओळखले त्यांनी गिरणीला हवी तशी रुंदी आणि पिके देण्याची तयारी केली.

मालेगावच्या रंगीत साडीचे उलटे झाले. खेड्यापाड्यांतल्या बायका ती साडी रोज नेसत. सुरतेची सिंथेटिक छापील साडी आली, धुवायला सोपी, सुकायला हलकी, इस्त्रीची गरज नाही. गिऱ्हाईक तेच राहिले, 'काय' बदलले. मालेगावच्या बऱ्याच मागांना साडी सोडून ग्रेकडे वळावे लागले. साडी नेसणाऱ्या बाईला काय हवे हे तिच्या गावचा दुकानदार सर्वांत आधी जाणत होता. पण कारखानदार आणि तो दुकानदार यांच्यामध्ये दोन-तीन हात होते. 'कोण' या रकान्यात फक्त आपल्याकडून घेणारा लिहून भागत नाही, त्याच्याकडून घेणाराही लिहावा, तो याचसाठी.

जागतिक व्यापारातही असेच झाले. कपड्याच्या निर्यातीवरचे देशवार कोटे १ जानेवारी २००५ पासून उठले. ही तारीख दहा वर्षे आधी, १९९५ सालीच ठरलेली होती. 'केव्हा'च्या रकान्यात ती आधी लिहून ठेवता येण्यासारखी होती. काही बदल पाहुण्यासारखे खबर देऊन येतात. त्यांची तारीख कागदावर असली म्हणजे झाले.

८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी मात्र खबर न देता आली. ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या आणि मजुरांचा रोखीचा हप्ता अडला. कपड्याची मागणी, सूत, माग सर्व जागेवर होते. पण 'कसे' या रकान्यातली शेवटची पायरी, म्हणजे पैसा हातात येण्याची आणि देण्याची रीत, तुटली. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली तेव्हा 'कोण' तुटले. परप्रांतीय कारागीर गावी निघून गेले. माग जेथल्या तेथे होते, चालवणारे हात नव्हते. आपल्या कारागिराच्या गावाचा पत्ता, त्याची राहण्याची सोय, त्याची अडचण ही कारखान्याच्या नकाशाचा भाग आहे, हे त्या दिवसांनी शिकवले.

कराचा दर आणि अडकलेले पाच रुपये

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्याआधी कपड्यावर विक्रीकर नव्हता, म्हणून बिलाची सवय कमी होती. जीएसटीने कपड्यावर ५ टक्के कर लावला. सिंथेटिक सुतावर आधी १८ टक्के होते, ऑक्टोबर २०१७ मध्ये ते १२ टक्के झाले.

आता नकाशावर ही पायरी पाहा. १०० रुपयांचे सूत घेतले, १२ रुपये कर भरला. त्याचा कपडा १४० रुपयांना विकला, ५ टक्क्यांनी ७ रुपये कर घेतला. भरलेले १२, मिळालेले ७. पाच रुपये सरकारकडे जमा पडून राहिले. सुरुवातीला कपड्याच्या बाबतीत हा फरक परत मिळत नव्हता. १ ऑगस्ट २०१८ पासून परतावा मिळू लागला, पण त्याआधीच्या साठलेल्या फरकाला तो लागू नव्हता. ज्याने रुपयाच्या फेऱ्यात ही पायरी लिहिली नव्हती त्याला वाटले की नफा कोठेतरी गळतो आहे. गळत नव्हता, अडकत होता. परताव्याचा अर्ज वेळेवर गेला की तो बाहेर येत होता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित तंतू आणि सूत दोन्हींवर ५ टक्के दर झाला. आता त्याच उदाहरणात सुतावर ५ रुपये भरले, कपड्यावर ७ घेतले, म्हणजे २ रुपये सरकारला भरायचे. पैसा अडकणे संपले, पण दर महिन्याला रोख भरणा सुरू झाला. ज्या भावाने जुन्या दराचा हिशोब डोक्यात ठेवून भाव ठरवला, त्याचा भाव चुकला. एका तारखेला एक टक्केवारी बदलली आणि सूतखरेदी, भाव, रोकड असे तीन रकाने हलले. सुती धाग्यावर आधीपासून ५ टक्केच होते, म्हणून सुती कपडा विणणाऱ्याला हा फरक लागला नाही. दोघांचे कारखाने शेजारी-शेजारी असतील, पण नकाशे वेगळे.

पंचेचाळीस दिवसांचा नियम

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा कायदा २००६ सालचा आहे. त्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु कारखान्याचा माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढ, व्याज लागते. कायदा होता, पण सेठकडे व्याज मागण्याची हिंमत कोण करणार?

२०२३ च्या अर्थसंकल्पाने यात दात बसवले. २०२३-२४ या वर्षापासून, असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. आता उशिराची झळ सेठच्या स्वतःच्या कराला लागते.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, हे संरक्षण माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगाला आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी जुलै २०२१ पासून पुन्हा होऊ लागली, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच आहे. म्हणून कारखानदाराने नोंदणी केली पाहिजे आणि बिलावर उद्यम क्रमांक छापला पाहिजे. दुसरी, एखादा सेठ नोंदणी नसलेल्याकडून माल घेणे पसंत करील, हा धोकाही खरा आहे. नकाशात दोन्ही बाजू लिहाव्यात: मुदत ९० ची ४५ झाली तर किती भांडवल मोकळे होते, आणि त्या सेठचे काम गेले तर किती माग रिकामे होतात. वरच्या उदाहरणात ९० दिवसांची उधारी ४५ वर आली तर फेरा ७० दिवसांचा होतो आणि सुतात अडकलेली रक्कम १८ लाखांच्या आसपास येते. जवळपास पावणेबारा लाख रुपये मोकळे होतात. एवढ्या रकमेसाठी एखादा सेठ सोडणे परवडते की नाही, हे आता भावनेने नव्हे, आकड्याने ठरवता येईल.

खुणा आधी ठरवा

आयबीएममधलेच दुसरे एक गृहस्थ स्टीफन हेकेल यांनी १९९९ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की जग पुढे काय होणार याचा अंदाज बांधून वर्षभराचा माल बनवण्यापेक्षा, काय होते आहे ते लवकर ओळखून तसे वळण्याची तयारी ठेवावी. आमच्या भाषेत सांगायचे तर नाडीवर बोट ठेवावे.

नाडी पाहायची म्हणजे खुणा आधी ठरवायच्या आणि प्रत्येक खुणेसमोर आपण काय करणार ते थंड डोक्याने लिहून ठेवायचे. उदाहरणे देतो. सुताचा भाव आठवड्यात पाच टक्के हलला तर नवा सौदा जुन्या भावाने घ्यायचा नाही. उधारीचे सरासरी दिवस ७५ च्या वर गेले तर नव्या तागांआधी जुनी वसुली. एकाच घेणाऱ्याकडे निम्म्याहून जास्त माल जाऊ लागला तर दुसरा घेणारा शोधायला लागायचे, तो पहिला कितीही चांगला असला तरी. कारागिरांअभावी चौथा हिस्सा माग उभे राहिले तर मजुरी, राहण्याची सोय, पाळीचे तास यांचा फेरविचार. पिकाचा दर खालच्या रेघेला टेकला तर त्या क्वालिटीचे बीम चढवायचे नाहीत.

मे २०२२ मध्ये कापसाची ३५६ किलोची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली होती आणि त्याच वर्षी पुढे भाव घसरला. वरच्या भावात महिनाभराचे सूत भरून ठेवणारा आणि रोजच्या गरजेपुरते घेणारा यांच्यात हुशारीचा फरक नव्हता. "किती दिवसांचे सूत घरात ठेवायचे" ही एक ओळ आधी लिहिलेली होती की नव्हती, एवढाच फरक होता.

ही विद्या आपल्याला परकी नाही

कोणी म्हणेल, ही साहेबांची विद्या आपल्याला कशी जमणार? पण ईदच्या हंगामाचा विचार करा. चांद्र वर्षामुळे ईद दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे येते. २०२४ साली ती ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. कधी ती लग्नसराईला भिडते, कधी पावसाळ्यात येते, कधी थंडीत. पातळ कपडा भरायचा की जाड, शिलाईवाल्याला कामे केव्हा द्यायची, दिवाळीचा माल उरला तर तो ईदला चालेल का, हे आमचा प्रत्येक कापडवाला दर वर्षी नव्याने बसवतो. कोणी त्याला शाळेत शिकवले नाही. सरकत्या हंगामाबरोबर धंदा सरकवणे हीच ती विद्या. ती फक्त एका रकान्यात वापरतो, ती सहाही रकान्यांत वापरायची आहे.

मागाशिवायच्या कारागिरांनाही हे लागू आहे. दहा मशिनींच्या शिलाई कारखान्यात 'कोण'चा रकाना बहुधा सर्वांत कच्चा असतो, कारण काम एकाच ठेकेदाराकडून येते. हिमरू विणणाऱ्या किंवा जरीकाम करणाऱ्या कारागिराचा 'कसे'चा रकाना पक्का असतो, हुनर बापजाद्यांचे असते, पण शेवटचे गिऱ्हाईक कोण आणि ते किती देते हे त्याला माहीत नसते. दुकानदाराचा 'का'चा रकाना तपासावा: दुकान चालते म्हणून जागा आहे, की जागा आपली आहे म्हणून दुकान चालते? भिवंडीच्या आसपास मोठमोठी गोदामे उभी राहिली. तेथे ज्याच्याकडे जागा आहे त्याला हा सवाल टाळता येत नाही. कोणी माग ठेवील, कोणी भाडे घेईल. दोन्ही हलाल कमाईचे मार्ग आहेत, पण निर्णय हिशोब पाहून व्हावा.

नकाशाची हद्द

नकाशा काढल्याने सूत स्वस्त होत नाही, वीजदर उतरत नाही, सुरतेची स्पर्धा थांबत नाही. बिनधोट्याचे नवे माग घेणाऱ्या मोठ्या कारखान्यापुढे जुन्या साध्या मागाचा वेग कमीच पडणार. कागद हे बदलू शकत नाही. कागद एवढेच करतो की आपण कोठे उभे आहोत ते दाखवतो, आणि धंदा चालवायचा, वळवायचा की बंद करायचा हे कर्ज चढण्याच्या आधी ठरवू देतो. कर्ज चढल्यावर तोच निर्णय सावकार घेतो.

आणखी एक धोका. एकदा काढलेला नकाशा चौकटीत लावून ठेवला तर तो डोक्यातल्या जुन्या अंदाजापेक्षाही वाईट, कारण लिहिलेल्यावर विश्वास जास्त बसतो. म्हणून दर तीन महिन्यांनी जीएसटीचे कागद मुनीमकडे जातात त्याच सुमारास एक संध्याकाळ काढावी. जुना कागद समोर ठेवून सहाही रकान्यांत काय बदलले ते लाल शाईने लिहावे, आणि मग नवा कागद घ्यावा.

हे काम एकट्याने करू नये. जॉबरला विचारा, मागावर बिघाड कोठे होतो ते त्याला ठाऊक असते. कांडीवाल्याला विचारा. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना बसवा, त्यांना संगणकावर तक्ता मांडता येतो आणि ते असे प्रश्न विचारतात जे आपण विचारायचे सोडून दिलेले असते. अब्बांच्या पश्चात कोणाकडे किती येणे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही, म्हणून चालता कारखाना चार महिन्यांत मिटला, अशी घरे प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. त्यांच्याकडे माग होते, गिऱ्हाईक होते, नावही होते. कागद नव्हता.

सुरुवातीला सहाही रकाने भरण्याची गरज नाही. या आठवड्यात फक्त दोन आकडे काढा: तुमचा रुपया किती दिवसांनी घरी परततो, आणि कोणत्या दराखाली माग थांबवणे परवडते. ते दोन आकडे मुलाला किंवा भावाला समजावून सांगा. बाकीचे रकाने ते दोन आकडेच भरायला लावतील.